रेडिओवरचं गाणं आणि जादा ३ मिनिटं ४० सेकंद

पार्श्वभूमी

मी ठाण्यात चित्रपट-संकलनाची कामं करतो आणि वर्षातले काही महिने एका महाविद्यालयात मास मीडियाच्या मुलांना संकलन शिकवतो. हे प्रकरण तिथल्या शेवटच्या वर्षाच्या चौघांनी केलेल्या आणि स्पर्धेला पाठवलेल्या एका लघुपटाचं. चौघं म्हणजे दिग्दर्शिका, संकलक, आवाज बघणारा मुलगा आणि निर्मितीची सगळी धावपळ अंगावर घेतलेली मुलगी. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि काही तपशील इकडचे तिकडे केले आहेत. निर्णय मात्र जसे झाले तसेच सांगतोय, चुकलेले धरून.

लघुपटाची गोष्ट साधी आहे. ऐरोली-घणसोलीच्या पट्ट्यातल्या एका गावठाणात एक आगरी आजी जुन्या घरात एकटी राहते. १९७० साली नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली, मग शेतं-मिठागरं गेली, भोवती नोड, म्हणजे शहराचे नवे विभाग, उभे राहिले. घर तेवढं उरलं. आता तेही पाडून वर मजले चढवायचेत. नातू ठाण्यात शिकतो, रोज ट्रान्स-हार्बरच्या लोकलने जातो-येतो. आजीची सही आणायचं काम घरच्यांनी त्याच्या गळ्यात घातलंय. आजीचं काम केलेल्या बाई ६८ वर्षांच्या, त्याच गावठाणातल्या, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या. चित्रीकरण पाच दिवसांचं. खर्च ४१ हजार, चौघांनी वर्गणी काढून. कॅमेरा आणि माइक महाविद्यालयाचे.

अडचण कळली ती संक्रांतीच्या दिवशी

१४ जानेवारीला चौघं तिळगूळ आणि लॅपटॉप घेऊन घरी आले. ‘सर, लॉक झालंय.’ म्हणजे आता एकही कट हलवायचा नाही. टाइमलाइनवर लांबी होती २३ मिनिटं ४० सेकंद. एका राष्ट्रीय विद्यार्थी लघुपट स्पर्धेची मुदत ३१ तारखेची. म्हणजे हातात १७ दिवस. मी नियमावली मागितली. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाने पोस्टर वाचलं होतं, नियमावली कोणीच उघडली नव्हती.

मग जमिनीवर बसून ती ओळ न् ओळ वाचली. लांबीची मर्यादा २० मिनिटं, आणि ती श्रेयनामावली धरून. इंग्रजी सबटायटल सक्तीची. लघुपटात वापरलेल्या प्रत्येक संगीताचे हक्क घेतलेत असं हमीपत्र. चित्रीकरणाच्या जागांच्या परवानग्या आहेत असं दुसरं हमीपत्र. हक्कधारकाची सही, आणि संस्थेची साधनं वापरली असतील तर संस्थेचं ना-हरकत पत्र. ऑनलाइन परीक्षणासाठी पासवर्ड लावलेली लिंक. मुदत संपल्यावर फाइल बदलता येणार नाही.

ही यादी त्यांच्या लघुपटाशेजारी ठेवली तशी एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. लांबी ३ मिनिटं ४० सेकंदांनी जास्त. नातवाचा लोकलमधला प्रवास २ मिनिटं १० सेकंदांचा, मोबाइलवर, विनापरवानगी टिपलेला. आणि आजीचा मुख्य प्रसंग. त्यात ती सुके बोंबील निवडत बसते, नातू सहीचा विषय काढतो-टाळतो, आणि मागे रेडिओवर एक जुनं गाणं पूर्ण १ मिनिट ४० सेकंद वाजतं.

गाणं नंतर चढवलं असतं तर काढून टाकता आलं असतं. पण वातावरण खरं वाटावं म्हणून शूटिंगच्या वेळी खोलीत रेडिओ खरोखर लावला होता. बूम माइकने आजीचे संवाद आणि गाणं एकाच ट्रॅकवर उचललं होतं. गाणं काढायचं तर संवादही जाणार.

इथे माझाही हिशेब मांडतो. डिसेंबरात मी रफ कट, म्हणजे संकलनाचा पहिला कच्चा खर्डा, पाहिला होता. त्या प्रसंगाला ‘छान जमलाय’ म्हणालो होतो. गाण्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

पर्याय

पहिला विचार स्पर्धाच बदलायचा. ३० मिनिटांपर्यंतचे लघुपट घेणाऱ्या स्पर्धा आहेत. पण लांबीचा प्रश्न सुटला तरी गाण्याचा सुटत नव्हता. हमीपत्र सगळीकडेच लागतं. दिग्दर्शिकेच्या मनात राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारही होते. त्यासाठी सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, ते वेगळंच काम. मिफ हा मुंबईचा माहितीपट-लघुपटांचा महोत्सव १९९० पासून दर दोन वर्षांनी होतो आणि तोवर ही मुलं पदवी घेऊन पांगली असती. तेव्हा हीच स्पर्धा.

गाण्यावर मात्र दोन संध्याकाळी गेल्या आणि त्यात जे जे ऐकलं ते दर वर्षी कुठला ना कुठला गट मला ऐकवतोच. संकलक म्हणाला, ३० सेकंदांपर्यंत वापरलं तर चालतं. कॉपीराइट कायद्यात सेकंदांची अशी सूट नाही. आवाजवाला म्हणाला, आपल्यातल्याच कोणाकडून गाऊन घेऊ, मग ते आपलं झालं. तसं होत नाही. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: एक त्या ध्वनिमुद्रणाचा, दुसरा शब्द आणि चालीचा. नव्याने गाऊन घेतलं की फक्त पहिल्यातून सुटका होते. आणि चाल-शब्दांचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो, त्यामुळे ‘जुनं आहे’ हेही उत्तर नव्हे.

म्हणजे पर्याय उरले चार. रीतसर परवानगी काढणं. जुन्या वळणाचं नवं गाणं कोणाकडून तरी करून घेणं. प्रसंग गाण्याशिवाय ठेवणं. किंवा प्रसंगच उडवणं. शेवटचा मी मांडला आणि दिग्दर्शिकेने माझ्याकडे असं पाहिलं की पुढे बोललो नाही.

निर्मितीवालीने त्याच रात्री गाण्याच्या हक्कधारक कंपनीला ईमेल टाकलं. आठ दिवस वाट पाहायची, २२ तारखेपर्यंत होकार आला नाही तर दुसरा मार्ग, असं ठरलं. तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही हेही ठरलं. ही तारीख आधीच ठरवली हा या प्रकरणातला मला सर्वात शहाणपणाचा वाटलेला निर्णय आहे, आणि तो माझा नव्हता, तिचा होता.

काय केलं

कागदं

कागदांचं काम आधी सुरू केलं, कारण त्याचा वेग आपल्या हातात नसतो. ‘हक्कधारक’ या रकान्याशीच गाडी अडली. आपल्याकडच्या कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता, ज्याने तो बनवण्यात पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. पैसे चौघांचे, कॅमेरा संस्थेचा, घाम सगळ्यांचा. शेवटी चौघांनी आपसात एक पानी करार केला: निर्मितीवाली निर्माती, बाकी तिघांचं श्रेय आणि मिळालं तर बक्षिसातला वाटा लेखी. संस्थेचं ना-हरकत पत्र ऐन अंतर्गत परीक्षांच्या आठवड्यात मागितल्यामुळे मिळायला सहा दिवस लागले. त्यात कोणाची अडवणूक नव्हती, सही करणारे सुपरव्हिजनला होते एवढंच.

लांबी

लोकलचा प्रवास आधी गेला. रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणाला रेल्वेची लेखी परवानगी आणि शुल्क लागतं, आणि झालेल्या शूटिंगला मागाहून परवानगी कोण देणार? शिवाय डब्यातल्या लोकांचे चेहरे. शिवाय मोबाइलचं फुटेज: मोबाइल बऱ्याचदा स्थिर वेगाने फ्रेम टिपत नाही, त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर आवाज हळूहळू सरकत जातो आणि शेवटी ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. इतकी कारणं असूनही दिग्दर्शिकेला ते दृश्य सोडवेना. तिच्या मते नातू दोन जगांमध्ये ये-जा करतो ते तिथेच दिसत होतं. मी विचारलं, ये-जा दिसायला दोन मिनिटं कशाला? मग नातू दाराशी चपला काढतो त्या शॉटवर गाडी जातानाचा आवाज टाकला, रुळांलगतच्या सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून नव्याने ध्वनिमुद्रित केलेला. सहा सेकंद. वाचले २ मिनिटं ४ सेकंद.

श्रेयनामावली १ मिनिट ५० सेकंदांची होती. आभारात ६१ नावं, त्यात वडापाववालाही. ती ४० सेकंदांवर आणली. एकूण लांबी आता २० मिनिटं २६ सेकंद.

उरलेले २६ सेकंद सगळ्यात महाग पडले, कारण आता काढण्यासारखं काही दिसतच नव्हतं. अशा वेळी संकलकाला आपला प्रत्येक कट पवित्र वाटायला लागतो (मलाही वाटतो). मग नौपाड्यात माझ्या घरी सात जणांना बोलावलं. अट एकच, त्यातला कोणीही या मुलांच्या ओळखीचा नको. चौघांना सांगितलं, पडद्याकडे बघू नका, पाठ करून बसा आणि यांचे चेहरे बघा. अकराव्या मिनिटाला शेजारीण भाकरीचं पीठ मागायला येते त्या प्रसंगात दोघांचे हात खिशातल्या मोबाइलकडे गेले. नंतर विचारलं तर दोघंही म्हणाले, ‘नाही हो, तो सीन छान होता.’ तो प्रसंग ३४ सेकंदांनी आखडला. लांबी १९ मिनिटं ५२ सेकंद. आठ सेकंद मुद्दाम मोकळे सोडले, कारण रेंडर करताना, म्हणजे अंतिम फाइल बाहेर काढताना, पुढे-मागे काळ्या फ्रेम जोडल्या जातात.

गाणं

२२ तारीख उजाडली. कंपनीकडून उत्तर नाही.

संवाद तर कुठल्याही परिस्थितीत पुन्हा घ्यायला लागणार होते. ११ वाक्यं. आजींना ठाण्याच्या डबिंग स्टुडिओत न्यायचा विचार झाला, पण तिथल्या काचेमागे त्या गोठून गेल्या असत्या. म्हणून त्यांच्याच स्वयंपाकघरात डबिंग. दोरीवर तीन गोधड्या टांगल्या. पंखा बंद, फ्रिज बंद. निर्मितीवालीने स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायची आठवण राहील. हेडफोन पुढे केल्यावर आजी म्हणाल्या, ‘कानान काय घालू नको बाय.’ मग नातवाचं काम केलेला मुलगा समोर बसला, त्याने आपली वाक्यं म्हणायची आणि आजींनी उत्तर द्यायचं, दर वाक्य तीनदा. मूळ प्रसंगात त्या बहुतेक वेळ खाली मान घालून बोंबील निवडत असतात. त्यामुळे ओठांचा मेळ फारसा आड आला नाही. हे नशीब होतं, नियोजन नव्हे.

शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या तेव्हा थांबावं लागलं. त्या रिकाम्या वेळात आजी भिंतीला टेकून काहीतरी गुणगुणायला लागल्या. आवाजवाल्याने रेकॉर्डर बंद केला नव्हता. काय म्हणताय विचारलं तर कळलं, आजी गावातल्या धवलारीण. आगरी-कोळी लग्नांत विधींच्या वेळी धवले म्हणणाऱ्या. पाच दिवस या मुलांनी त्यांच्याबरोबर शूटिंग केलं, त्यांच्या हातचं जेवले, आणि हे कोणी विचारलंच नव्हतं.

दिग्दर्शिका उडालीच. रेडिओऐवजी धवला! आजी मात्र राजी नव्हत्या. ‘लगीन नाय, हलद नाय, उगाच धवला कसा बोलू?’ यावर कोणी वाद घातला नाही हे बरं झालं. अर्ध्या तासाने त्याच म्हणाल्या, शब्द म्हणणार नाही, नुसती चाल गुणगुणते, ती काय कोणीही काम करताना गुणगुणतं.

इथे मी एक खोडा घातला. पहिली चाल ओळखीची वाटत होती. घरी येऊन शोधलं तर ती एका कोळीगीतांच्या कॅसेटमधली निघाली, म्हणजे तिलाही मालक आहे. आगरी-कोळी गाण्यांची बाजारात एवढी ध्वनिमुद्रणं झालीत की आजींच्या पिढीतही परंपरेचं कुठलं आणि कॅसेटचं कुठलं हे मिसळून गेलंय. दुसऱ्या दिवशी आजींनी तीन चाली गुणगुणल्या. निर्मितीवालीने त्या शेजारच्या गावांतल्या दोन धवलारणींना ऐकवल्या. दोघींनी एकीबद्दल सांगितलं की ही आमच्या आईकडून आलेली. तीच घेतली. ३८ सेकंद.

परंपरेच्या चालीला मालक नसला तरी गाणाऱ्या माणसाचा हक्क असतोच. कायद्यात कलावंताच्या सादरीकरणाला वेगळं संरक्षण आहे. म्हणून मराठीत संमतीपत्र केलं, आजींना वाचून दाखवलं, कशासाठी आणि कुठे वापरणार ते लिहिलं, दोन हजार मानधन लिहिलं. पैसे आजी घेईनात. संमतीपत्रावर आकडा आहे आणि तो दिला नाही तर कागद खोटा ठरतो, असं सांगितल्यावर घेतले.

राहिला पडद्यावर दिसणारा रेडिओ. आजी बटण फिरवून तो सुरू करतात असा क्लोज-अप होता. संकलकाने तो उलटा चालवला: हात येतो, बटण डावीकडे फिरतं, हात जातो. म्हणजे बंद करतात. त्याआधी दोन स्टेशनांमधली खरखर टाकली. रेडिओवर आता काही लागत नाही म्हणून आजी तो बंद करतात आणि गुणगुणायला लागतात.

दिग्दर्शिकेला हा प्रसंग आधीपेक्षा चांगला वाटतो. मला अजूनही पहिला आवडतो. त्या गाण्यात बाहेरचं जग घरात येत होतं; आता आजी जरा जास्तच एकटी झालीये.

सबटायटल आणि फाइल

सबटायटल एका ओळखीच्यांनी शुद्ध इंग्रजीत करून दिली होती आणि आगरी आजी त्यात कॉन्व्हेंटमधल्या बाईसारखी बोलत होती. शिवाय बोंबलाचं भाषांतर ‘बॉम्बे डक’. परीक्षकांत कोणी बाहेरचा असेल तर तो २० मिनिटं बदक शोधत बसेल! तिथे नुसतं ‘मासे’ केलं. ओळींची लांबीही आवळली: एका वेळी दोनच ओळी, ओळीत ४० च्या आसपास अक्षरं. परीक्षणाच्या फाइलवर सबटायटल छापूनच टाकली आणि बिनसबटायटलची स्वच्छ प्रत वेगळी ठेवली.

२९ तारखेला रात्री फाइल चढवली. लिंक आणि पासवर्ड आवाजवाल्याच्या मावशीच्या फोनवर, म्हणजे आपल्या लॉग-इनशिवाय, उघडून पाहिला. ३० तारखेला प्रवेशिका गेली.

निकाल

३ फेब्रुवारीला निर्मितीवालीच्या लक्षात आलं की श्रेयनामावली आखडताना आजींच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर गळलंय. फाइल बदलता येत नव्हती. ६१ नावं कापताना आम्ही लांबी तपासली, उरलेली नावं पुन्हा वाचली नाहीत.

एप्रिलमध्ये कळलं की लघुपट स्पर्धा विभागात नाही, पण विद्यार्थ्यांच्या स्पर्धेबाहेरच्या विभागात दाखवणार आहेत. चौघं दोन दिवस हिरमुसले, मग डीसीपी पाठवा असा निरोप आल्यावर कामाला लागले. डीसीपी म्हणजे चित्रपटगृहातल्या सर्व्हरला लागणारा संच. संकलकाने तो डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत सॉफ्टवेअरवर स्वतः केला. चित्रपटगृहाचा नेहमीचा वेग सेकंदाला २४ फ्रेम, यांचा लघुपट २५ चा. २५ चा लघुपट तसाच २४ ने चालवला तर १९ मिनिटं ५२ सेकंदांचे २० मिनिटं ४१ सेकंद होतात, वर आवाजही किंचित जाडा होतो. म्हणजे एवढी कापाकापी करून मर्यादा ओलांडायची ती ओलांडलीच असती. रूपांतर करण्याआधी आयोजकांना एक ईमेल केलं: तुमचा सर्व्हर २५ घेतो का? घेतो, असं त्याच दिवशी उत्तर आलं. या डीसीपीत आजींचं आडनाव नीट लिहिलंय.

पुन्हा करायचं झालं तर

स्पर्धा कोणती हे पटकथेच्या टप्प्यावर ठरवता आलं नसतं, कबूल. पण तीन-चार स्पर्धांच्या नियमावल्या समोर असत्या तर २० मिनिटं धरून पटकथा लिहिली गेली असती आणि लोकलमध्ये कॅमेरा काढायच्या आधी कोणीतरी ‘परवानगी?’ असं विचारलं असतं. ना-हरकत पत्र आणि निर्मात्याचा करार शूटिंगच्या पहिल्या दिवसाआधी व्हायला हवा होता. तेव्हा कोणाचं काही अडलेलं नसतं आणि कोणी रुसलेलंही नसतं. सेटवर गाणं वाजवायचंच तर कलाकाराला मूड येईपर्यंत वाजवावं आणि टेकच्या वेळी बंद करावं. मागची शांतता अर्धा मिनिट वेगळी टिपून ठेवावी. डबिंग चिकटवताना आम्हाला त्या खोलीच्या शांततेचे चार सेकंद मिळता मिळेनात.

मी स्वतः रफ कट बघताना आता एक कागद घेऊन बसतो. प्रसंग चांगला की वाईट हे नंतर. आधी लिहायचं की पडद्यावर आणि आवाजात कोणाकोणाच्या मालकीची वस्तू आहे.

गाण्याच्या कंपनीचं उत्तर १९ फेब्रुवारीला आलं. नकार नव्हता. सोबत एक अर्ज होता: गाणं किती सेकंद, कोणत्या प्रसंगात, कुठल्या देशांत, किती वर्षांसाठी. चारही उत्तरं निर्मितीवालीकडे नोव्हेंबरातच होती.